माईच्या डीव्हीडीचा चौथा ट्रॅक

भिण्याच्या बाबतीत श्रीकांत वाकनीस यांचा हात धरणारा माणूस उज्जैनच्या अख्ख्या फ्रीगंजात नव्हता. इतर लोक काही घडलं की घाबरतात. श्रीकांतराव आधी घाबरून ठेवत आणि मग कारणाची वाट बघत बसत. दाराची घंटा वाजली की "कोण?" असं विचारायच्या आधीच त्यांचा चेहरा "मी काही केलेलं नाही" असा होई. टपालात लांब लिफाफा आला की तो दोन दिवस फ्रिजवर न फोडता पडून राही. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको जयू तो फोडून सांगे, "अहो, चष्मेवाल्याने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यात. डरायला तुम्हाला काही मेहनतच लागत नाही ना!"

अशा माणसाने चौतीस वर्षं काढली ती जिल्हा न्यायालयात, स्टेनो म्हणून. त्यांचे पूर्वज दरबारात वाकनीस होते. म्हणजे कोण आलं, कोण गेलं, कोण काय म्हणालं, हे लिहून ठेवणारे. अडीचशे वर्षांत घराण्याची प्रगती एवढीच झाली, की बोरूच्या जागी टाइपरायटर आला. कोर्टात श्रीकांतराव न्यायाधीशांना भीत, वकिलांना भीत, आरोपींना तर भीतच, पण एकदा बोटं टाइपरायटरवर पडली की बोटांना भीती ठाऊक नसे. जे कानात शिरलं ते कागदावर उतरलं. साक्षीदार शिंकला तर '(साक्षीदार शिंकला)' हेसुद्धा. नोकरीच्या सुरुवातीला एकदा एका म्हातारीची दया येऊन त्यांनी तिच्या साक्षीतलं एक वाक्य गाळलं होतं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वाकनीस जी, आप टाइप कीजिए, न्याय मैं कर लूँगा।" त्या मऊ आवाजाने श्रीकांतरावांना तीन दिवस ताप आला. त्यानंतर त्यांनी आयुष्यात एक अक्षर गाळलं नाही.

पण न्यायाधीश बदलून जात. माई बदलून जात नसत.

माई म्हणजे त्यांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. नानाखेड्याला, बसस्टँडच्या मागच्या कॉलनीत, स्वतः बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत. उज्जैनमध्ये आज ज्या बायका नातवंडांना दटावतात, त्यातल्या निम्म्या तरी एके काळी माईंपुढे अंगठे धरून उभ्या राहिलेल्या आहेत. दहाएक वर्षांपूर्वी माईंचे कान गेले. यंत्र लावायला त्यांनी साफ नकार दिला. "पासष्ट वर्षं ऐकलं, पुष्कळ झालं," म्हणाल्या. ज्याला काही सांगायचं असेल त्याने त्यांच्याजवळच्या पाटीवर खडूने लिहायचं. अक्षर वाईट असेल तर पुसून परत लिहायचं. त्यामुळे माईंशी फालतू बोलणारी माणसं आपोआप कमी झाली होती.

ही गोष्ट दोन हजार बारा सालची. त्या सप्टेंबरात माईंना पंचाहत्तर पूर्ण झाली. फ्रीगंजातला एक हॉल घेऊन भावांनी थाटात कार्यक्रम केला. पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण झालं, जुन्या विद्यार्थिनींची भाषणं झाली, माईंनी स्वतः ठरवलेलं जेवण झालं. शूटिंगचं काम श्रीकांतरावांकडे होतं, कारण कॅमेऱ्याच्या मागे उभं राहिलं की कोणी भाषण करायला सांगत नाही.

चार दिवसांनी माईंनी त्यांना बोलावून घेतलं.

"श्रीकांत, परवा लोकांनी माझ्याबद्दल तोंड भरभरून सांगितलं. मी दोन तास मान हलवत बसले. शब्द एक कळला नाही. टीव्हीवर त्या परदेशी सिनेम्यांच्या खाली अक्षरं येतात ना, तशी मला पाहिजेत. तू लिही. कोर्टात लिहायचास तशी. एक शब्द गाळायचा नाही. येतं का करता?"

येतं का नाही, हे श्रीकांतरावांना माहीत नव्हतं. ते "हो" म्हणाले. समोरच्याने प्रश्न विचारला की "हो" म्हणायचं, ही त्यांची आयुष्यभराची सोय होती.

फ्रीगंजात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सुमीत त्यांच्या ओळखीचा होता. त्याने एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. "अंकल, एकदम आसान है। कौन-सी लाइन किस सेकंड पे आए, किस सेकंड पे जाए, इतना ही लिखना है। फिर फ़ाइल जोड़ दो। और एक ही क्यों? एक डीवीडी में बत्तीस सबटायटल ट्रैक डाल सकते हो! रिमोट का बटन दबाओ, भाषा बदल जाएगी।"

बत्तीस ऐकून श्रीकांतरावांना घाम फुटला. तरी तीन ट्रॅक करायचे ठरले. पहिला मराठी, माईंसाठी. दुसरा हिंदी, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांसाठी. तिसरा इंग्रजी, पुण्याच्या विष्णूच्या सुनेसाठी. विष्णू म्हणजे धाकटा भाऊ. त्याची सून केरळची, आणि तिला उज्जैनचं मराठी म्हणजे हिंदीच वाटायचं. त्यात तिचा काही दोष नव्हता.

पहिले आठ दिवस वाया गेले. श्रीकांतरावांनी सवयीने जुन्या टाइपरायटरच्या फॉन्टमध्ये सगळं टाइप केलं, आणि पडद्यावर माईंच्या चेहऱ्याखाली इंग्रजी अक्षरांची भेळ उमटली. "यूनिकोड में करो अंकल," सुमीत म्हणाला. परत पहिल्यापासून. पण खरं सांगायचं तर त्यांना मजा येऊ लागली होती. सकाळी पोहे खाऊन बसत ते दुपारपर्यंत. कानाला हेडफोन, बोटं की-बोर्डवर. कोर्टातलेच दिवस, फक्त कोणी रागवायला नाही.

आणि मग एक तास बारा मिनिटांवर ती चार मिनिटं आली.

औक्षण आटोपलं होतं. पाहुणे जेवायला गेले होते. माई समोरच्या खुर्चीत शाल पांघरून बसल्या होत्या, आणि कोणाची तरी लहानगी त्यांना पेढा भरवत होती. चित्र सुरेख होतं. पण कॅमेऱ्याचा माइक त्यांच्याकडे कमी आणि कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्यांकडे जास्त होता. मागे उभे होते विष्णू, त्याची बायको प्रतिभा आणि स्वतः श्रीकांतराव.

विष्णूचा आवाज आला, आणि श्रीकांतराव खुर्चीत सरळ झाले. हे बोलणं ते विसरले नव्हते. फक्त ते कुठे साठवलं गेलं असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पण बोटं थांबेनात. मेंदू "नको, नको" म्हणत होता आणि बोटं टाइप करत होती. चार मिनिटं संपली तेव्हा एकही शब्द सुटलेला नव्हता. विष्णू, प्रतिभा, श्रीकांत, आणि परत श्रीकांत.

त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि ते देवघरासमोर जाऊन नुसतेच उभे राहिले.

जयू म्हणाली, "काय झालं? कोणी गेलं का?"

"अजून नाही," श्रीकांतराव म्हणाले.

हे माईंना वाचायला देणं शक्यच नव्हतं. मग श्रीकांतरावांनी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी जन्मातली पहिली खोटी साक्ष रचायला घेतली. आयतीच सोय होती. माणसं कॅमेऱ्याच्या मागे, म्हणजे ओठ दिसत नाहीत. कोणाच्याही तोंडी काहीही घालता येत होतं. पण खोटं बोलायला कल्पनाशक्ती लागते, आणि श्रीकांतरावांची सगळी कल्पनाशक्ती भिण्यात खर्च झालेली. चार मिनिटं काय बोलवायचं लोकांना? शेवटी त्यांनी लिहिलं :

'विष्णू : श्रीखंड छान झालंय. श्रीकांत : हो. प्रतिभा : वेलची बेताची आहे. श्रीकांत : हो. विष्णू : अजून घ्यावं म्हणतो. श्रीकांत : हो.'

दोन दिवसांनी हिंदी ट्रॅक करायला बसले तेव्हा मराठीतलं काढून बघायचं धाडस त्यांना झालं नाही. आठवेल तसं लिहिलं. इंग्रजीच्या वेळी तर डोळे अर्धे मिटून लिहिलं.

आता राहिली ती पहिली, खरी फाइल. ती पुसून टाकायची, की विषय संपला. त्यांनी ती निवडली, पुसायच्या बटणावर बाण नेला, आणि तो तिथेच ठेवला. मूळ नोंद नष्ट करायची? कोर्टात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला याहून मोठा गुन्हा ठाऊक नव्हता. मूळ कागद कितीही गैरसोयीचा असला तरी तो फायलीला शेवटी जोडायचा असतो. मग कोणी बघो न बघो. बघत तसंही कोणीच नाही. त्यांनी बराच वेळ विचार केला, आणि जे दुसऱ्या कोणाही शहाण्या चोराने केलं नसतं ते केलं. खरी फाइल चौथा ट्रॅक म्हणून त्याच डीव्हीडीत जोडून टाकली. बटण चार-चार वेळा दाबतंय कोण?

बुधवारी सकाळी नऊ वाजता ते माईंना डिस्क देऊन आले. साडेअकराला जेवायला बसले तेव्हा मन इतकं हलकं झालं होतं, की त्यांनी जयूला सगळी हकिगत सांगून टाकली. जयूचा पोळी वाढायचा हात हवेतच राहिला.

"अहो, काय केलंत काय तुम्ही? चौथा ट्रॅक? माईंना?"

"शेवटी जोडलाय. कोण बघतंय?"

"माई मुलींच्या वहीचं मागचं कव्हरसुद्धा तपासायच्या! त्यावर फुलं काढली म्हणून मला अख्खा तास बाकावर उभं केलंय त्यांनी. सातवी ब!"

श्रीकांतरावांच्या डोळ्यांपुढे माईंचा रिमोट आला. रिमोटवरचं ते बटण आलं. बटणावर माईंचा अंगठा आला. अर्धी पोळी तशीच टाकून ते कॉम्प्युटरवर बसले. तीनच ट्रॅकची नवी डिस्क तयार व्हायला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत त्यांनी सहा वेळा पाणी प्यायलं आणि दोनदा जयूला विचारलं, "माई दुपारच्या झोपतात ना गं?"

"झोपल्या असतील तर महाकालाची कृपा. जा आता!"

ऑटोत बसले. ऑटोवाला टॉवर चौकातल्या गर्दीत अडकला, तेव्हा "चलो ना भैया" म्हणायलाही त्यांना भीती वाटली. लवकर पोहोचायची भीती वाटत होती आणि उशीर व्हायचीही. नानाखेड्याला उतरले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि पिशवीतली डिस्क त्यांनी छातीशी धरली होती.

माई झोपल्या नव्हत्या. दार उघडंच होतं. टीव्ही चालू. माई खुर्चीत ताठ बसलेल्या, मांडीवर वही, हातात तांबडं पेन.

"ये. बरा आलास. दोन तास सलग बघितलं. चांगलं काम केलंयस." माई नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. ऐकू येत नसल्यामुळे त्या शेजारच्या कॉलनीलाही सांगत असल्यासारख्या बोलत. "कुलकर्णीबाईंनी भाषणात माझी बदलीची तारीख चुकीची सांगितली. असू दे. शुद्धलेखन बरं आहे तुझं."

श्रीकांतरावांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'ही डिस्क खराब आहे. दुसरी आणली आहे.'

"खराब कुठे आहे? झक्क चालते. बस तिथे. मला एक विचारायचंय." माईंनी रिमोट उचलला. पडद्यावर एक तास बारा मिनिटांची जागा आली. पेढा भरवणारी लहानगी. श्रीखंड. वेलची. "हे वाच. चार मिनिटं माझे दोन भाऊ आणि प्रतिभा श्रीखंडावर बोलतायत. विष्णूला मधुमेह आहे. आणि त्या दिवशी जेवणात श्रीखंड नव्हतंच. गोड म्हणून मावाबाटी होती. मी ठरवली होती."

श्रीकांतरावांची बोबडी वळली. तसंही माईंना ऐकू आलं नसतं.

"आणि हे कोपऱ्यात काय येतंय? 'मराठी, एक, तिरकी रेघ, चार'. म्हणजे चारातला एकच प्रश्न सोडवलाय मी अजून. बाकीचे तीन कुठे आहेत?" असं म्हणून माईंनी ते बटण दाबलं.

हिंदी आलं. विष्णू म्हणत होता, 'रबड़ी बहुत बढ़िया है।'

"मराठीत श्रीखंड, हिंदीत रबडी?" माईंनी वहीत तांबडी खूण केली. परत बटण. इंग्रजीत प्रतिभा बटाट्याच्या भाजीची तारीफ करत होती. श्रीकांतराव तिन्ही भाषांत 'हो' म्हणत होते, तेवढंच काय ते जुळत होतं.

साक्षीतली एवढी तफावत श्रीकांतरावांनी कोर्टातसुद्धा बघितली नव्हती. अशा वेळी साक्षीदाराचा चेहरा कसा होतो ते मात्र पुष्कळदा बघितलं होतं, आणि आपला चेहरा आता तसा झाला असणार, हे त्यांना कळत होतं. वीज जावी म्हणून त्यांनी मनात गणपतीचा धावा केला. नानाखेड्यात एरवी दिवसातून दोनदा जाणारी वीज त्या दिवशी हलली नाही. ते उठून टीव्हीच्या पुढे उभे राहायला निघाले. अर्ध्या वाटेवरून परत येऊन बसले.

माईंनी चौथ्यांदा बटण दाबलं.

'विष्णू : दादा, आता ठरवून टाकू. दिवाळी झाली की माईला पुण्याला न्यायचं.

श्रीकांत : हो.

प्रतिभा : आमच्या जवळच म्हाताऱ्यांसाठी एक निवास आहे. नर्स असते, जेवण असतं. सगळं बघून आलेय मी.

विष्णू : विचारलं तर ती नाहीच म्हणणार. म्हणून विचारायचं नाही. चार दिवस राहायला चल म्हणायचं. परतीचं तिकीट काढायचं नाही.

श्रीकांत : हो.

प्रतिभा : परवा दूधवाला अर्धा तास दार ठोकत होता म्हणे. एखाद दिवशी गॅस राहिला, तर? मला झोप लागत नाही हो तिकडे.

श्रीकांत : हो ना.

विष्णू : घराच्या किल्ल्या तू ठेव, दादा.

श्रीकांत : (थांबून) हो.

प्रतिभा : हळू बोला ना.

विष्णू : तिला कुठे ऐकू येतंय?

(समोर माई हसतात.)'

आणि खरंच पडद्यावर माई हसत होत्या. पेढा भरवणाऱ्या पोरीकडे बघून, मग तिच्या डोक्यावरून कॅमेऱ्याकडे बघून, म्हणजे त्या तिघांकडे बघून. कंस घातलेली ती ओळ त्या हसण्याखाली पाच सेकंद राहिली आणि गेली. श्रीकांतरावांना वाटलं, बत्तीस ट्रॅक असते तरी ही ओळ झाकली गेली नसती.

माईंनी टीव्ही बंद केला.

"दिवाळीनंतरचं, अठरा तारखेचं तिकीट आहे. विष्णूने मला कळवलंय. चार दिवस, म्हणाला." त्या थांबल्या. "मी नवीन पातळ काढून ठेवलंय."

मग त्यांनी पाटी श्रीकांतरावांपुढे सरकवली.

"हे चार 'हो' तुझे?"

त्यांनी खडू घेतला. 'हो' असं लिहिलं. पाचवा. तो त्यांनाच बघवेना. त्यांनी तळहाताने पुसला आणि लिहिलं, 'भ्यालो होतो.'

"कोणाला?"

'सगळ्यांना.'

"मला सांगायला?"

श्रीकांतरावांनी 'सगळ्यांना'च्या खाली एक रेघ ओढली.

आता माई ओरडणार, असं त्यांना वाटलं. अंगठे धरायला सांगतील. सातवी ब. ते त्यासाठी मनातून वाकायलासुद्धा लागले होते. पण माई ओरडल्या नाहीत. त्यांनी तांबड्या पेनाचं टोपण लावायचा प्रयत्न केला, ते लागेना. दुसऱ्यांदा लागलं नाही, तिसऱ्यांदाही नाही. तेव्हा त्यांनी पेन तसंच वहीत ठेवून दिलं.

"श्रीकांत," त्या म्हणाल्या, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. त्यांना स्वतःला तो ऐकू येत नव्हता, त्यामुळे किती खाली आला हे कळलं नसावं. "मला इथे रस्ते माहीत आहेत. भाजीवाली माझ्या विद्यार्थिनीची मुलगी आहे, तिला पाटीवर लिहिता येतं. तिथे कोण आहे माझं? ऐकू न येणाऱ्या बाईशी नव्या गावात कोण बोलणार? मी त्या खोलीत बसून राहीन रे. मला... मला भीती वाटते."

ही गोष्ट श्रीकांतरावांच्या कल्पनेत कधीच बसली नव्हती. माईंना भीती? भीती हे वाकनीसांच्या घरात आपलं एकट्याचं खातं आहे, असं ते एकोणसत्तर वर्षं समजून चालले होते.

"फोन लाव विष्णूला," माई म्हणाल्या. हुकूम करत नव्हत्या, विनवत होत्या, आणि ते जास्त भयंकर होतं. "माझ्याने फोनवर बोलणं होत नाही. तू बोल. तो म्हणेल ते मला लिहून दाखव."

श्रीकांतरावांनी मोबाइल काढला. त्यात विष्णूचा नंबर सापडायला त्यांना बराच वेळ लागला, कारण तो सापडू नये अशी त्यांची इच्छा होती. फोन वाजला. विष्णूने उचलला. तो मोठा इंजिनिअर, शंभर माणसांना हाताखाली वागवलेला, त्याच्या "बोल"मध्येच दम असे.

"बोल दादा! माईचं सामान बांधून झालं का?"

श्रीकांतरावांनी पाटीवर लिहिलं : 'विष्णू : सामान बांधून झालं का?' माईंनी वाचलं आणि त्यांच्याकडे बघितलं.

आता बोलायचं होतं. जिभेवर आला तो नेहमीचाच शब्द होता, 'हो', तयार, गुळगुळीत. त्यांनी तो कसाबसा गिळला. मग जे सुचलं ते त्यांच्या बोटांना सुचलं. पुढची ओळ त्यांनी आधी लिहून टाकली.

'श्रीकांत : नाही. माई पुण्याला येणार नाही.'

माईंनी ती वाचली. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. झालं. नोंद झाली होती, आणि ती एका माणसाने वाचलीही होती. नोंद आहे आणि बोलणं नाही, असा कागद श्रीकांतरावांच्या हातून आजवर कधी गेला नव्हता.

"नाही," ते फोनमध्ये म्हणाले. "माई पुण्याला येणार नाही."

"काय? हॅलो? दादा, तूच बोलतोयस ना?"

"मीच. ते... ते सगळं मी तिला वाचायला दिलं. आपण बोललो ते. चुकून दिलं. म्हणजे चुकून नाही, शेवटी जोडलं होतं." घामाने मोबाइल हातातून निसटत होता. "विष्णू, तिला विचारायला पाहिजे होतं रे."

श्रीकांतरावांनी लिहिलं : '(विष्णू काही बोलत नाही.)' माई वाट बघत होत्या.

मग विष्णू बोलला. पहिल्यांदा चिडून, मग काकुळतीला येऊन, आणि ते काकुळतीचं ऐकणंच श्रीकांतरावांना जड गेलं. ते भराभरा लिहीत गेले, पुसत गेले, खडूचा भुगा धोतरावर पडत गेला. 'विष्णू : मला काय हौस आहे? विष्णू : इथून मला रोज धास्ती वाटते. विष्णू : दूधवाला, गॅस, रात्री पडलीबिडली तर? विष्णू : कोण बघणार तिला?'

शेवटच्या ओळीवर खडू थांबला. माईंनी ती वाचली. उत्तर न सुचवता त्या दुसरीकडे बघायला लागल्या.

श्रीकांतरावांनी त्या ओळीखाली लिहिलं, 'श्रीकांत : मी.' अक्षर इतकं वाकडं आलं की माईंच्या शाळेत ते पुसून परत लिहायला लागलं असतं. माईंनी चालवून घेतलं.

"मी," श्रीकांतराव फोनमध्ये म्हणाले. "रोज येऊन बघेन. फ्रीगंजातून काय, अर्धा तास लागतो."

"तू?" विष्णू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "दादा, तू ऑटोवाल्याला थांब म्हणायला घाबरतोस."

"घाबरतो," श्रीकांतराव म्हणाले. "तरी येईन."

विष्णू म्हणाला, हे असं फोनवर नाही ठरत, रविवारी मी आणि प्रतिभा स्वतः येतो, समोरासमोर बोलू, आणि माईला विचारूनच बोलू. हेही श्रीकांतरावांनी लिहून दाखवलं. माईंनी वाचून पदराने डोळे टिपले आणि आवाज परत पूर्वीच्या ठिकाणी नेला. "ये म्हणावं. आणि प्रतिभाला सांग, दूधवाल्यासाठी दिवा लावून घेणार आहे मी, घंटा दाबली की घरात लागणारा. माझ्या एका विद्यार्थिनीचा नवरा करतो ती कामं. हे विचारलं असतं तर सप्टेंबरातच सांगितलं असतं!"

रविवारला चार दिवस होते. गुरुवारी श्रीकांतरावांना वाटलं, विष्णू काय म्हणेल. शुक्रवारी वाटलं, प्रतिभा काय म्हणेल. शनिवारी जयूने विचारलं, "आज तरी जेवताय का नीट?" रोज दुपारी मात्र ते ऑटोत बसून नानाखेड्याला गेले. दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून. शनिवारी नवा दिवा बसला होता; माईंच्या दारात उभं राहून तो लागतो का हे बघायला त्यांनी घंटा दाबली, आणि आत लखकन उजेड पडल्याबरोबर दचकून एक पायरी खाली उतरले.